वाफ्यांवर आच्छादन किती आणायचं? एक जण म्हणतो एक ब्रास, दुसरा म्हणतो दहा पोती (नागपूर)

मोगरा_मानेवाडा | १२ मार्च, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमचं घर मानेवाड्याला, माती काळी. मागच्या उन्हाळ्यात सकाळी सहाला पाणी दिलं तरी दुपारपर्यंत वाफ्यांना भेगा पडलेल्या दिसायच्या. नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) मोगऱ्याची दोन झाडं गेली. उपटून पाहिली तर वरच्या बोटभर मातीतली सगळी तंतुमुळं करपून तपकिरी झाली होती, चिमटीत धरली की भुगा होत होता. खालची मुळं मात्र अजून पांढरी होती. ते पाहून फार वाईट वाटलं, कारण त्यातलं एक झाड आईनं लावलेलं होतं.

यंदा ऊन चढायच्या आत सगळ्या वाफ्यांवर आच्छादन घालायचंच आहे. अडलंय ते इथे की आणायचं किती? एका रोपवाटिकेत वाफे सांगितले तर ते म्हणाले, "ताई, एक ब्रास लागेल." पाला आणि लाकडाचे तुकडे आणून देणारा एक माणूस म्हणाला, "दहा पोत्यांत होऊन जाईल." दोघांच्या सांगण्यात इतकं अंतर कसं?

माझी मापं अशी आहेत:
समोर भिंतीलगत मोगरा आणि जास्वंद, २२ फूट लांब, ३ फूट रुंद.
मागे भाजीचा वाफा, १० बाय ४. वांगी, मिरची, टोमॅटो.
लिंबाच्या झाडाचं आळं गोल आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत ६ फूट.
कोपऱ्यात तिकोनी जागा, भिंतींच्या बाजू ८ आणि ५ फूट.

ब्रास_आणि_फूट | १२ मार्च, रात्री १०:०५

ताई, माझा जन्म बांधकामाच्या मापात गेला, म्हणून आधी दोघांचीही उत्तरं तुमच्याच वाफ्यांवर तपासू.

समोरचा वाफा ६६ चौरस फूट. भाजीचा ४०. गोल आळं ६ फूट व्यासाचं, म्हणजे त्रिज्या ३. ३ गुणिले ३ गुणिले ३.१४, साधारण २८. काटकोनी तिकोनाचं ८ गुणिले ५ करून निम्मं, म्हणजे २०. एकूण १५४ चौरस फूट.

आता जाडी. चौरस फुटांना इंचांनी गुणा आणि १२ ने भागा, घनफूट मिळतात. ३ इंची थर धरला तर १५४ × ३ ÷ १२ = ३८.५ घनफूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तुम्हाला ०.४ ब्रासही लागत नाही. पूर्ण ब्रास तेवढ्या जागेत पसरला तर जवळजवळ ८ इंचांचा थर होईल, मोगऱ्याची खालची फांदी त्यात गाडली जाईल.

उलट दहा पोती घ्या. पोतं सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीएवढं असेल तर त्यात सुमारे ३५ लिटर मावतं. दहा पोती म्हणजे ३५० लिटर, म्हणजे १२.४ घनफूट (एक घनफूट सुमारे २८.३ लिटर). तुमच्या जागेत त्याचा थर एक इंचसुद्धा भरत नाही. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात एक इंच म्हणजे न घातल्यासारखंच.

३८.५ घनफूट म्हणजे १०९० लिटर. रंगाच्या २० लिटरच्या बादलीनं ५४-५५ बादल्या, सिमेंटच्या गोणीनं ३१. पोतं किती लिटरचं हे विचारल्याशिवाय पोत्यांचा आकडा मान्य करू नका. ज्याच्याकडे जाल त्याला लिटर किंवा घनफूटच विचारा, भावाचं नंतर.

मोगरा_मानेवाडा | १२ मार्च, रात्री १०:२०

दादा, खूप आभार. मग ३९ घनफूट मागवू?

रानजाई | १३ मार्च, सकाळी ६:४८

थांबा, मागवू नका अजून. दादांचं गणित शंभर टक्के बरोबर आहे, पण ते रेती-गिट्टीचं गणित आहे. रेतीचा ब्रास वाफ्यात टाकला तरी ब्रासच राहतो. पाला तसा नसतो.

मी प्रतापनगरला राहते. तीन वर्षांपूर्वी याच हिशेबानं कडुनिंबाचा आणि बदामाचा पाला आणला. पट्टी लावून ४ इंच थर घातला, किती छान दिसत होता! पंधरा दिवसांनी, दोन-तीन पाण्यांनंतर पट्टी खुपसली तर दीड इंच. पुन्हा आणायला गेले तोवर मार्च संपलेला, झाडांखालचा पाला झाडून नेलेला होता. एप्रिल-मे तसाच गेला.

म्हणून माझं सांगणं एवढंच: आणताना मोजतो तो भुसभुशीत थर असतो आणि झाडाला मिळतो तो बसलेला थर. गणित बसलेल्या थराचं करायचं आणि खरेदी भुसभुशीत मालाची. मधला फरक प्रत्येक मालाचा वेगळा, तो कुणाला विचारून कळत नाही. तो घरी बादलीतच पाहावा लागतो.

असं करा. जो माल आणणार आहात त्याची एक बादली आणा. रंगाच्या बादलीत तळापासून १२ इंचांवर खूण करा आणि तिथपर्यंत माल हलकाच भरा, दाबू नका. बादलीच्या तळाला चार भोकं असली तर उत्तम. झारीनं पाणी द्या, तळव्यानं हलकं थोपटा. तीन दिवस रोज एकदा पाणी द्या. चौथ्या दिवशी आतली उंची मोजा. १२ ला त्या आकड्यानं भागलं की तुमच्या मालाचा गुणक मिळतो. बसलेल्या थराला जेवढे घनफूट लागतील, त्यांना या गुणकानं गुणून आणायचं.

संत्राबाग_काटोल | १३ मार्च, सकाळी ८:३०

रानजाई ताईनं बरोबर सांगितलं. मी एक गोष्ट जोडतो, लिंबाच्या आळ्याबद्दल. आमच्या संत्र्याच्या बागेत डिंक्या काय करतो ते मी लय जवळून पाह्यलं आहे. खोडाजवळ ओल धरून राहिली का साल सडते, तिथून डिंक गळते, अन् दोन-चार वर्षांत झाड हातचं जाते. आम्ही बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावतो तं लावतोच, पण पाला खोडाला चिकटू देत नाही.

लिंबू त्याच जातकुळीचं. बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवा. हिशेबात ती वजा करायची: पाऊण फूट त्रिज्येचा गोल म्हणजे जवळपास पावणेदोन चौरस फूट. सव्वाअठ्ठावीसमधून गेले, साडेसव्वीस उरले. आकडा लहान आहे, पण झाडाच्या जिवाचा आहे.

अन् आणखी एक. पावसाळ्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते. जुलैत लिंबाचा थर बाजूला ओढून अर्धा करा, सप्टेंबर संपता संपता परत सारा. तो ओढलेला माल फेकू नका, भाजीच्या वाफ्यात जाते.

मोगरा_मानेवाडा | १३ मार्च, दुपारी १:१५

हे कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या लिंबाच्या बुंध्याला मी मागच्या वर्षी वाळलेलं गवत अगदी टेकवून ठेवलं होतं. आज जाऊन पाहिलं, साल ठीक दिसतेय. माती थोडी मोकळी करून ठेवली.

सगळ्या वाफ्यांना ३ इंचच लागतो का?

रानजाई | १३ मार्च, दुपारी २:०२

नाही. मोगरा, जास्वंद, लिंबू आणि तुमचा तिकोन यांना बसलेला ३ इंच ठेवा. भाजीत २ पुरे. मिरचीची कोवळी रोपं ३ इंचात दबतात आणि खोड ओलं राहून मर लागते. रोप वीतभर झालं की मग एक इंच वाढवता येतो.

मालाच्या बारीकपणावरही ठरतं. लाकडाचा भुसा, धानाचं तूस असा बारीक माल दीड-दोन इंचांपेक्षा जास्त घालू नये. तो घट्ट बसतो, हवा जात नाही, वरून टाकलेलं पाणी वरच्या वर जिरतं आणि खाली माती कोरडी. जाड तुकडे, चिरलेल्या फांद्या, सागाचा पाला यांना ३-४ इंच चालतो.

आरामशीन_शेजारी | १३ मार्च, सायं. ७:४०

मी लकडगंजजवळ राहतो, म्हणून भुशाबद्दल. आरामशिनीचा भुसा सहज मिळतो, पण तीन गोष्टी बघा. प्लायवूड-सनमायकाच्या कामाचा भुसा नको, त्यात गोंद असतो. साध्या लाकडाचाच मागा. तो मातीत कालवू नका, वरच पसरा. मातीत कालवला तर कुजताना मातीतलं नत्र तोच ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. आणि किलोवर घेऊ नका. ओला भुसा कोरड्यापेक्षा कितीतरी जड, पण मोजाल तर घनफूट तेवढेच. वजन द्याल ते पाण्याचं.

रंध्याचे पातळ वळे मिळाले तर भुशापेक्षा तेच घ्या. ते हवा खेळू देतात.

गोधनी_रोड | १३ मार्च, रात्री ९:५०

कोकोपीट चालेल का? ५ किलोची वीट भिजवली की साधारण ७० लिटर होतं, मोजायला सोपं.

रानजाई | १३ मार्च, रात्री १०:११

मोजायला सोपं हे खरं. १५४ चौरस फुटांना ३ इंच म्हणजे १०९० लिटर, १५-१६ विटा होतील. पण वर पसरलेलं कोकोपीट आपल्या लूमध्ये दोन दिवसांत कोरडं ठक्क होतं आणि वाऱ्यानं उडतं. कुंडीच्या मातीत मिसळायला उत्तम, आच्छादनाला नको. नारळाच्या शेंड्यांचे तुकडे मिळाले तर ते जरूर वापरा, ते तीन वर्षं टिकले आहेत माझ्याकडे.

कुटार_नको | १४ मार्च, सकाळी ७:०५

एक मनापासून विनंती. काही जण वाफ्यांवर तुरीचं, हरभऱ्याचं, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) टाकतात. कुटार म्हणजे ढोरांचं खाणं आहे. उन्हाळ्यात चाऱ्याची ओढ असते, माझ्या गावाकडे तं लोक मेमध्ये कुटारासाठी फिरत असतात. शहरातल्या वाफ्यासाठी पाला आहे, भुसा आहे, तो घ्या. शिवाय कुटारात दाणे राहतात. पाणी पडलं की वाफाभर तुरी-हरभरे उगवतात, ते उपटत बसावं लागतं. गव्हांड्याचंही (गव्हाच्या काडाचंही) तेच.

संत्राबाग_काटोल | १४ मार्च, सकाळी ७:४०

बरोबर बोललात. धानाचं तणसही भंडारा-गोंदियाकडे जनावरांनाच लागते. तरी कुणाकडे पावसात भिजून काळं पडलेलं तणस असलं, जे ढोरं तोंडात घेत नाहीत, ते नक्की घ्या. आच्छादनाला ते ताज्यापेक्षाही चांगलं, लवकर बसते. फक्त पेंढी किती जागेत पुरते ते एक पेंढी सोडून पसरूनच पाहा, पेंढीचं माप ठरलेलं नसते.

अन् पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) कुणी फुकट देत असंल तं तशाच नेऊ नका. बोंडांत गुलाबी बोंडअळी बसलेली असते, अन् जास्वंद-भेंडी कपाशीच्याच कुळातली. बारीक कुट्टी केलेली असली तरच न्या.

मोगरा_मानेवाडा | १४ मार्च, दुपारी १२:३०

ठरलं. पालाच वापरते. आमच्या गल्लीत कडुनिंब, पिंपळ, करंज आहेत, दोन चौक पलीकडे सागाची रांग आहे. झाडणाऱ्या मावशी रोज सकाळी ढीग करतात आणि कुणीतरी काडी लावतं, सगळ्या घरांत धूर भरतो. त्यांना म्हटलं, पेटवू नका, मी पोती देते, त्यात भरा. त्या लगेच हो म्हणाल्या.

ब्रास_आणि_फूट | १४ मार्च, दुपारी १:०५

फार छान केलंत. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच बंदी घातली आहे, तेव्हा दंड ठरवला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. तरी दर मार्चमध्ये तोच धूर. दंडापेक्षा तुमची रिकामी पोती जास्त काम करतील असं मला वाटतं. पाल्यातून प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या, काच मात्र वेचून घ्या.

मोगरा_मानेवाडा | १८ मार्च, सकाळी ७:२०

बादलीचा प्रयोग झाला. दोन बादल्या लावल्या होत्या.

कडुनिंब-पिंपळ-करंज-साग असा मिसळ पाला: १२ इंचांवरून ७ इंच.
नुसता सागाचा अख्खा पाला: पहिल्या दिवशी जेमतेम ११, कारण पानं एकमेकांवर कमानीसारखी उभी होती. तिसऱ्या दिवशी एकदम ५ वर आला! हात घातला तर पानं ताटलीवर ताटली ठेवावी तशी चिकटून बसली होती आणि त्यांच्या खालचा पाला कोरडाच. पाणी खाली गेलंच नव्हतं.

रानजाई | १८ मार्च, सकाळी ७:५५

नेमकं हेच व्हायला हवं होतं! सागाचं पान अख्खं घालू नका. गोणपाटावर पसरून काठीनं बडवा किंवा पायाखाली तुडवा, चुरा झाला की मिसळ पाल्यात घाला. वाळलेलं सागाचं पान दुपारच्या उन्हात सहज चुरतं, सकाळच्या दवात चुरत नाही.

तुमचा गुणक १२ भागिले ७, म्हणजे १.७. आता दादांनी पुढचा हिशेब करावा.

ब्रास_आणि_फूट | १८ मार्च, सकाळी ९:१०

आनंदानं.

समोरचा वाफा ६६ × ३ ÷ १२ = १६.५ घनफूट.
भाजी ४० × २ ÷ १२ = ६.७.
लिंबू २६.५ × ३ ÷ १२ = ६.६.
तिकोन २० × ३ ÷ १२ = ५.

बेरीज ३४.८, आपण ३५ धरू. हा बसलेला थर. ३५ × १.७ = ५९.५, म्हणजे ६० घनफूट भुसभुशीत पाला. लिटरमध्ये १७००. बादल्या ८५.

माझ्या पहिल्या उत्तरात ३८.५ आले होते. तेवढाच पाला आणला असता तर पट्टी शेवटी दोन इंचांच्या आतच थांबली असती. रानजाई ताईंनी वेळेवर थांबवलं. एवढी वर्षं मापं घेऊनही पाल्याचा हा गुण माझ्या ध्यानात नव्हता.

आता पोतं मोजा. एक पोतं भरून रिकामं करा, किती बादल्या भरतात ते पाहा. एकच सावधगिरी: पोत्यात पाय देऊन पाला दाबला असेल तर त्याचं बसणं अर्धं पोत्यातच होऊन गेलेलं असतं. बादलीत हलक्या हातानं मोकळा करून मगच मोजा.

मोगरा_मानेवाडा | १९ मार्च, सायं. ६:३०

धान्याचं तागाचं पोतं, हलकं भरलेलं: बरोबर ५ बादल्या. म्हणजे १०० लिटर. १७ पोती.

मावशींनी आजवर ९ भरून दिली आहेत.

आरामशीन_शेजारी | १९ मार्च, रात्री ८:१५

पसरण्याआधी वाफ्याची कड बघा. विटांची कड आणि माती एका पातळीत असली तर पहिल्या वळवात सगळा पाला फरशीवर येतो. कडेची चार बोटं माती दोन इंच खाली ओढून घ्या, पाला त्या खाचेत अडकतो. आणि भिंतीला लागून पाला साठू देऊ नका, वाळवी तिथूनच घरात चढते.

रानजाई | १९ मार्च, रात्री ८:४०

आणि आधी पाणी, मग पाला. आदल्या संध्याकाळी वाफे भरपूर भिजवा, भेगा बुजेपर्यंत. कोरड्या मातीवर पाला घातला तर नंतरचं हलकं पाणी पालाच पिऊन टाकतो. घातल्यावरही पाणी देण्याआधी पाला बाजूला सारून मातीत बोट खुपसून पाहायची सवय लावा. वरून कोरडं दिसतं, खाली बऱ्याचदा ओल असते.

मोगरा_मानेवाडा | २९ मार्च, सकाळी १०:००

काल सगळं पसरून झालं. १७ पोती जमली, साडेपंधरा लागली. समोरच्या वाफ्यात मोगऱ्याचे बुंधे दाट आहेत, ती जागा मी वजा केली नव्हती, तिथेच पोतं-दीड पोतं वाचलं. सागाची पानं मुलांनी तुडवून दिली.

पुढचं माप नवतपात देते.

मोगरा_मानेवाडा | २७ मे, सकाळी ६:१०

आज नवतपाचा तिसरा दिवस. पट्टी घेऊन फिरले. समोरच्या वाफ्यात पावणेतीन इंच. तिकोनात तीनला थोडं कमी. भाजीत दीड, कारण मी रोपांभोवती हात घालून घालून पाला विस्कटला आहे. लिंबाला अडीच, तिथे राखलेल्यातलं अर्धं पोतं आज घातलं, बुंध्याभोवती वीत सोडून.

पाला बाजूला करून बोट खुपसलं. काल संध्याकाळी पाणी दिलं नव्हतं, तरी दुसऱ्या पेरापर्यंत माती गार आणि ओली लागली. भेग एकही नाही. पाल्याच्या खालच्या बाजूला मोगऱ्याची पांढरी तंतुमुळं वर आलेली आहेत, पाल्यातच शिरायला निघाली आहेत. मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ.

एक पोतं अजून उरलं आहे. गच्चीवर १२ इंची ३० कुंड्या आहेत, त्यांना पुरेल का?

ब्रास_आणि_फूट | २७ मे, सकाळी ६:५५

पुरेल. १२ इंची कुंडीचं तोंड ०.७८५ चौरस फूट, एक इंच बसलेला थर म्हणजे सुमारे १.८५ लिटर. १.७ नं गुणलं की ३.१५ लिटर. तीस कुंड्यांना ९४-९५ लिटर. तुमचं पोतं १०० लिटरचं. ऊन वर चढायच्या आत घालून घ्या.